फासा आधी टाकू द्या, सूत्र मग सांगा

‘एक फासा टाकला असता वरच्या बाजूला सम संख्या मिळण्याची संभाव्यता काढा.’ हे उदाहरण सोडवायला फासा लागत नाही. सम संख्या तीन, एकूण संख्या सहा, तीन भागिले सहा, उत्तर १/२. मुलाला पूर्ण गुण मिळतात, शिक्षक पुढच्या उदाहरणाकडे वळतात, आणि जिच्यावरून हे सगळं चाललंय ती वस्तू वर्गाच्या उंबऱ्याच्या आतही आलेली नसते. पुढे छापा-काटा येतो, पिशवीतले लाल-निळे चेंडू येतात, पत्त्यांचा कॅट येतो, सगळे कागदावरच. धडा संपतो तेव्हा मुलाला अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहिण्याचा आणखी थोडा सराव झालेला असतो. संभाव्यता म्हणजे काय हे त्याला धड्याआधी जितकं कळत होतं तितकंच आताही कळतं.

माझं म्हणणं आधी सांगून टाकतो. साधारण अकरा ते चौदा या वयात संभाव्यतेची ओळख करून द्यायची असेल, तर पहिले चार-पाच तास फळ्यावर सूत्र येऊच नये. मुलांनी आधी अंदाज लिहून द्यावा, मग फासे टाकावेत, मग आपसांत भांडावं, आणि ते भांडण मिटवायला सूत्र यावं. याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट आहे. ती मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते, आणि प्रयोगांची हौस असलेले शिक्षकसुद्धा ती टाळतात. फासे टाकल्यावर आकड्यांचा जो पसारा होतो तो झाडूनपुसून, नीटनेटका करून मुलांपुढे ठेवू नये. शिकण्यासारखं जे आहे ते त्या पसाऱ्यातच आहे.

आधी भांडणाबद्दल. दोन मुलं घ्या, त्यांना दोन फासे द्या. फासे टाकायचे आणि मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करायचा. फरक ०, १ किंवा २ आला तर पहिल्याला गुण, ३, ४ किंवा ५ आला तर दुसऱ्याला. खेळ सुरू होण्याआधी विचारा, नियम दोघांनाही सारखा आहे ना? जवळजवळ सगळा वर्ग हो म्हणतो. तीन आकडे ह्याला, तीन त्याला, आणखी काय पाहिजे? मग वीस डाव होतात. दुसऱ्याच्या खात्यात बहुधा सहा-सात गुण पडलेले असतात. तो म्हणतो, फासे खराब आहेत. शेजारच्या बाकावरून फासे मागवले जातात, तरी तेच. मग तो म्हणतो, ‘सर, आता मी शून्य-एक-दोन घेणार.’ लगेच पहिला ओरडतो, ‘का म्हणून? सारखंच आहे म्हणालास ना मघाशी!’

हा क्षण सोडू नये. एक मूल जागा बदलून मागतंय आणि दुसरं द्यायला तयार नाही, म्हणजे दोघांनाही काहीतरी उमगलंय आणि ते सांगायला शब्द नाहीत. आता फळ्यावर सहा आडव्या आणि सहा उभ्या ओळींचा तक्ता काढला, प्रत्येक चौकटीत फरक लिहायला सांगितला, की मुलं स्वतःच मोजतात. फरक १ दहा चौकटींत, २ आठ चौकटींत, ० सहा चौकटींत. उरलेल्या ३, ४ आणि ५ या तिघांच्या वाट्याला मिळून बाराच चौकटी. चोवीस विरुद्ध बारा. छत्तिसाने भागा किंवा भागू नका, मुद्दा मुलांना कळलेला असतो. नमुना अवकाश (शक्य असलेल्या सगळ्या दानांची यादी) आणि समसंभाव्य निष्पत्ती (सारख्याच शक्यतेची दानं) हे शब्द आता खुशाल सांगावेत. ज्या वस्तूची नावं आहेत ती वस्तू मुलांच्या डोळ्यांसमोर आहे.

‘मुलांचे अपूर्णांकच कच्चे आहेत, तिथे संभाव्यता कुठे शिकवता?’ असं म्हणणाऱ्यांनी या तक्त्याकडे एकदा पाहावं. चोवीस हे बारापेक्षा जास्त, एवढं कळायला अपूर्णांक लागत नाही. उलट छत्तिसातले चोवीस म्हणजे तीन भागांतले दोन, हे इथे मुलाला गरजेपोटी करावंसं वाटतं. अपूर्णांकासाठी यापेक्षा चांगलं निमित्त मला तरी माहीत नाही.

या तक्त्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हुशार मुलाकडून येतो. ‘दोन-पाच आणि पाच-दोन एकच ना? मग दोनदा का मोजायचं?’ बहुतेक वर्गांत याला उत्तर मिळतं, ‘ते वेगवेगळे धरायचे असतात.’ कोणी धरायचे, का धरायचे, काही नाही. असतात म्हणजे असतात. ज्या मुलाने हा प्रश्न विचारला त्याच्या रांगेत कोण बसलंय ते पाहा. गॉटफ्रीड लायबनिट्झ, कलनशास्त्राच्या दोन जनकांपैकी एक. दोन फाशांची बेरीज ११ येणं आणि १२ येणं यांची शक्यता सारखीच, असं त्याचं मत होतं. अकरा म्हणजे पाच आणि सहा, बारा म्हणजे सहा आणि सहा, एकेकच तर रीत आहे! फ्रान्सचा गणितज्ञ दालांबेर तर १७५४ साली ज्ञानकोशातल्या नोंदीत असंच लिहून बसला. नाणं दोनदा उडवायचं, निदान एकदा छापा यावा. पहिल्यांदाच छापा, दुसऱ्यांदा छापा, किंवा एकदाही नाही, असे तीन प्रकार. त्यातले दोन हवेसे, म्हणून २/३. खरं उत्तर ३/४ आहे. या दोघांना जे पटलं नाही ते सातवीतल्या मुलाला ‘धरायचं असतं’ म्हटल्याने पटेल, ही अपेक्षाच अजब आहे.

फाशाने मात्र पटतं. एक फासा लाल, एक निळा घ्या. वर्गाला दोन पक्षांत विभागा. लायबनिट्झचा पक्ष म्हणतो अकरा आणि बारा सारखेच येणार. विरुद्ध पक्ष म्हणतो अकरा दुप्पट येणार. तीस मुलांनी प्रत्येकी चोवीस वेळा दोन फासे टाकले की ७२० दानं होतात. पहिला पक्ष खरा असेल तर अकरा आणि बारा दोन्ही चौतीसच्या आसपास यायला हवेत. दुसरा खरा असेल तर अकरा चाळिसाच्या आसपास आणि बारा विसाच्या आसपास. दोन्ही पक्षांचे आकडे आधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत, म्हणजे नंतर कोणाला शब्द फिरवता येत नाही. मग ताळ्याच्या खुणा जमू लागतात. निकाल नेमका ४० आणि २० येणार नाही, पण कोण हरलं हे जवळपास नेहमीच स्पष्ट असतं. आता लाल पाच-निळा सहा आणि लाल सहा-निळा पाच ही दोन वेगळी दानं आहेत, हे सांगायला गेलात तर मुलंच तुम्हाला मध्येच तोडून पुढचं वाक्य पूर्ण करतात.

हा विषय माणसाच्या हाती आला तोही असाच. इटलीतले जुगारी तीन फासे टाकत आणि त्यांना जाणवलं होतं की बेरीज १० ही ९ पेक्षा किंचित जास्त वेळा येते. दोन्ही बेरजा होण्याचे प्रकार मोजले तर सहा-सहाच. मग फरक का? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिलिओने याचं उत्तर लिहून ठेवलं. तीन फाशांच्या २१६ दानांपैकी नऊची २५ आणि दहाची २७. केवढासा तो फरक, पण खेळणाऱ्यांच्या हाताला तो आधी कळला आणि मग गणितज्ञाच्या कागदावर उतरला. पास्कल आणि फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांचा १६५४ सालचा प्रसिद्ध पत्रव्यवहारही जुगाऱ्यांच्या प्रश्नांवरूनच सुरू झाला. एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, सुमारे ५१.८ टक्के. दोन फासे चोवीस वेळा टाकले तर निदान एकदा दुहेरी सहा येण्याची शक्यता मात्र निम्म्याहून थोडी कमी, सुमारे ४९.१ टक्के. एका फाशाची दानं सहा, दोन फाशांची छत्तीस; चाराला सहा जसे, तसे चोवीसाला छत्तीस. प्रमाण तेच, मग निकाल वेगळा कसा, हे कोडं होतं. इतिहास ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने शिकवावं असा काही नियम नाही. ऋण संख्या स्वीकारायला मोठमोठ्यांनी शतकं घालवली म्हणून आपण मुलांना तितकं थांबवत नाही. पण इथे त्या जुन्या लोकांची आणि आजच्या मुलांची अडचण एकच आहे. अंतर्मनाचा कौल आणि मोजणीचा कौल जुळत नाही, आणि मोजणी स्वतः केल्याशिवाय अंतर्मन हटत नाही. फ्रान्समधल्या संशोधक मारी-पॉल लेकूत्र यांनी १९९२ मध्ये ज्या प्रवृत्तीचं वर्णन केलं तीही हीच: नशिबावर सोपवलेली गोष्ट म्हटली की लोक सगळ्या शक्यता सारख्याच धरून मोकळे होतात, शिकलेसवरलेलेसुद्धा.

आता पसाऱ्याकडे येतो. समजा तुम्ही प्रत्येक मुलाला एक फासा साठ वेळा टाकायला सांगितला. धडा वाचून आलेलं मूल म्हणतं, प्रत्येक आकडा दहा वेळा यायला हवा. प्रत्यक्षात ६ हा आकडा कोणाला सात वेळा येतो, कोणाला चौदा वेळा. यात काही बिघडलेलं नाही. सात ते तेरा हा अगदी रोजचा टापू आहे, आणि त्याबाहेर जाणंही नवलाचं नाही. पण वर्गात काय होतं? मुलाला वाटतं आपलं चुकलं. ते गुपचूप एका खुणेची जागा बदलतं, दोन खुणा वाढवतं, आणि वहीत दहा-दहा-दहा-दहा-दहा-दहा असं देखणं कोष्टक उतरतं. शिक्षक त्यावर ‘छान’ लिहितात. प्रामाणिकपणे फासा टाकून असं कोष्टक येण्याची शक्यता सुमारे तेरा हजारांत एक आहे. म्हणजे ‘छान’ शेरा मिळालेल्या त्या वह्यांपैकी जवळजवळ एकही खरी नसते. प्रयोगातून सूत्र सिद्ध करून दाखवायच्या नादात आपण मुलांना नोंदी बनवायला शिकवतो, आणि हे नुकसान धडा न शिकवण्याच्या नुकसानापेक्षा मोठं आहे.

याचा उपाय सोपा आहे. वर्गाला आधीच सांगा, की दहा-दहा येणार नाहीत. मग विचारा, किती इकडेतिकडे होईल? सर्वात कमी आलेला आकडा किती वेळा येईल, सर्वात जास्त आलेला किती वेळा? अंदाज वहीत लिहून घ्या. मुलं सहसा नऊ-अकरा, फार तर आठ-बारा लिहितात. फासा त्यांना त्याहून बराच मोकळा वागून दाखवतो. नशीब किती हेलकावे खातं याचा अंदाज मोठ्या माणसांनाही नसतो. एका सामन्यात चांगला खेळलेला खेळाडू आणि एका महिन्यात वाढलेली विक्री यांच्यामागे कारणं शोधण्यात आपला केवढा वेळ जातो!

नंतर सगळ्यांच्या नोंदी एकत्र करा. तीस मुलं, १८०० दानं. प्रत्येक आकडा तीनशेच्या आसपास, बहुधा २७० ते ३३० मध्ये कुठेतरी. इथे एक बारीक गोष्ट आहे, तिच्यापाशी जरा रेंगाळायला हवं. साठ दानांत सहा येण्याचा आकडा दहापासून तीन इकडेतिकडे होता. अठराशेत तो तीनशेपासून पंधरा-सोळा इकडेतिकडे आहे. फरक वाढला! मग सूत्राच्या जवळ कसं गेलो? टक्केवारी काढली की दिसतं. साठात तीन म्हणजे पाच टक्के, अठराशेत सोळा म्हणजे एका टक्क्याच्याही आत. शेवटी हिशेब जुळतो असं आपण म्हणतो तेव्हा फासा मागची थकबाकी फेडत नसतो; नवी दानं इतकी पडतात की जुनी तूट त्यांच्यात किरकोळ ठरते. स्विस गणितज्ञ याकोब बर्नूलीचं यावरचं काम त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये छापून आलं. सातवीतल्या मुलाला त्याची सिद्धता नको. पण फरक वाढला आणि टक्का घटला हे दोन्ही एकाच फळ्यावर, स्वतः टाकलेल्या दानांतून त्याने पाहिलं, तर ‘पाच वेळा काटा आला, आता छापा येणारच’ हे वाक्य त्याच्या तोंडून पुढे सहज निघणार नाही.

आणि ज्याला सहा येतच नाही ते मूल? सोंगटी घरात अडकून पडलेली, बाकीचे निम्मा पट चालून गेलेले, आणि ह्याचं दान पडतंय एक, तीन, चार, तीन. प्रत्येक वर्गात असं एक मूल असतं आणि ते मनापासून म्हणतं, ‘माझ्या हाताला सहा लागतच नाही.’ त्याला ‘असं काही नसतं’ म्हणून उडवून लावू नये. सहा वेळा टाकूनही एकदाही सहा न येण्याची शक्यता ३३ टक्के आहे, म्हणजे वर्गातल्या तिघांपैकी एकाचं असं होणारच. अठरा वेळा टाकून एकदाही सहा न येणं हे साधारण सत्तावीस जणांत एकाच्या वाट्याला येतं. तीस मुलांना अठरा-अठरा वेळा फासा टाकायला लावा आणि ज्यांना सहा आलं त्यांना खाली बसायला सांगा. शेवटी बहुधा एखादं मूल उभं राहतं. आता पुन्हा पहिल्यापासून टाका: उभं राहणारं मूल बहुधा दुसरंच असतं. कोणीतरी उभं राहण्याची शक्यताच जास्त होती, कोण ते ठरलेलं नव्हतं. ‘कमनशिबी’ हा शिक्का आपण माणसांवर कसा मारतो हे समजायला याहून साधा तास मला सुचत नाही. गणिताच्या तासाला हे कशाला, असं कोणी म्हटलं तर मी म्हणेन, मग कुठल्या तासाला?

तिसरी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. फाशाच्या सहाही बाजू सारख्याच येतात हे आपण गृहीत धरतो. पुस्तक ‘समसंभाव्य’ म्हणतं आणि पुढे जातं. वर्गात एक रिकामी काड्यापेटी आणा. तिलाही सहा बाजू आहेत. आकडे लिहा आणि टाका. सपाट मोठ्या बाजूवर ती पुन्हापुन्हा पडेल, टोकावर क्वचितच उभी राहील. सहा बाजू आहेत म्हणून प्रत्येकीची संभाव्यता १/६, असं ज्याने पाठ केलंय त्याचं इथे पितळ उघडं पडतं. काड्यापेटीच्या संभाव्यता आकार नुसता बघून सांगता येत नाहीत. टाकून, मोजूनच अंदाज बांधावा लागतो. विमा, हवामानाचा अंदाज, औषधांच्या चाचण्या, बाहेरच्या जगातली बहुतेक संभाव्यता ही अशी काड्यापेटीच्या जातीची असते. फासा ही सोयीची अपवादात्मक वस्तू आहे, आणि पुस्तकं तिलाच नियम समजून चालतात.

खरं तर फासाही पुरता निर्दोष नसतो. इंग्लंडचा प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन याने १८९४ मध्ये बारा फासे २६,३०६ वेळा टाकल्याच्या नोंदी कळवल्या आहेत. एकूण ३,१५,६७२ दानं. पाच किंवा सहा येण्याचं प्रमाण १/३ असेल तर ती १,०५,२२४ वेळा यायला हवी होती. आली १,०६,६०२ वेळा. जेमतेम तेराशे-चौदाशेंचा फरक, पण इतक्या दानांत तो योगायोगाच्या खाती टाकता येत नाही. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने १९०० साली निरीक्षण आणि अपेक्षा यांतलं अंतर तपासण्याची जी रीत मांडली, तिच्यात हीच आकडेवारी वापरली. नेहमी दिलं जाणारं कारण असं की ठिपके कोरून केलेले असतात, सहा ठिपक्यांची बाजू एका ठिपक्याच्या बाजूपेक्षा जास्त खरवडली जाते, म्हणून ती बाजू हलकी पडून वर येते. २००९ मध्ये शिकागो विद्यापीठात हाच प्रयोग तितक्याच वेळा यंत्राने केला गेला, तेव्हा वेगळाच दोष सापडला: १ आणि ६ जरा जास्त येत होते, कारण त्या दोन बाजूंमधलं अंतर किंचित कमी होतं. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते हे मुलांना ठाऊकच असतं; मोजपट्टी घेऊन तीन दिशांनी फासा मोजायला लावा, बघा कशी तुटून पडतात.

विरोधकांचे आक्षेप खोटे नाहीत. वेळ जातो. गोंगाट होतो, फासे बाकाखाली घरंगळतात, आणि ते शोधण्यात दहा मिनिटं मोडतात. (डब्याच्या झाकणात कापड घालून त्यात फासा टाकायला सांगावं. दोन्ही कटकटी मिटतात.) यापेक्षा वजनदार आक्षेप असा की थोड्या दानांतून मुलं भलतंच शिकतात: वीस वेळा टाकलं, ४ हा आकडा सात वेळा आला, म्हणून चार लकी. हे अगदी खरं आहे. एका मुलाने एकट्याने वीस दानं टाकून निष्कर्ष लिहायचा असा प्रयोग करण्यापेक्षा न केलेला बरा. शिक्षकाने समोर उभं राहून दहा वेळा फासा टाकायचा आणि मुलांनी बघायचं, हा प्रकारही तसाच निरुपयोगी. अंदाज आधी लिहिलेला नसेल आणि नोंदी शेवटी एकत्र केल्या नसतील, तर फाशांचा तास म्हणजे नुसती मजा. मजेला माझी हरकत नाही, पण तिला गणिताचा तास म्हणू नये.

संगणकाचं काय? क्षणात दहा हजार दानं पडतात, रेखाचित्र आपोआप उमटतं. संगणक मला हवाच आहे, पण साठ दानं हाताने टाकून झाल्यावर. पहिल्याच दिवशी पडद्यावर १६.७ टक्क्यांची सपाट रेष दाखवली तर मुलासाठी ती शिक्षकाच्या शब्दाहून वेगळी नसते. आतला फासा त्याने पाहिलेला नाही, यंत्र म्हणतं म्हणून मानायचं. शिवाय रेष सपाट झाली की हेलकावे अदृश्य होतात, आणि मूल पुन्हा दहा-दहा-दहापाशी येतं. हाताने साठ टाकून दमलेलं मूल मात्र स्वतःहून विचारतं, सहा हजार टाकले तर? तेव्हा संगणक उघडावा.

राहिला जुगाराचा आक्षेप. शाळेत फासे आणायचे म्हणजे मुलांना नको ती गोडी लावायची, असं पालक म्हणतात. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. मोबाइलवर पैसे लावायचे खेळ आज मुलांच्या बोटाशी आहेत. पण त्या खेळांसमोर मूल निःशस्त्र जातं ते नेमकं संभाव्यता कागदावरच राहिल्यामुळे. तीन फाशांचा एक जुना खेळ घ्या. एक आकडा निवडायचा, एक बटण लावायचं. तुमचा आकडा एका फाशावर आला तर बटण परत आणि वर एक, दोन फाशांवर आला तर वर दोन, तिन्हींवर आला तर वर तीन. एकदाही नाही आला तर बटण गेलं. मुलं हिशेब करतात: तीन फासे, प्रत्येकावर एक षष्ठांश, म्हणजे जिंकायची शक्यता निम्मी, शिवाय कधीकधी दुप्पट-तिप्पट. फायदाच फायदा!

मग एका मुलीला सांगा, तू सगळ्या सहा आकड्यांवर एकेक बटण लाव. आता तिचं नशीब कुठल्याच आकड्यावर अवलंबून नाही. तीन वेगळे आकडे पडले: तीन बटणं आली, तीन गेली, बरोबरी. जोडी पडली, म्हणजे दोन सारखे आणि एक वेगळा: तीन आली, चार गेली, एकाचा तोटा. तिन्ही सारखे पडले, सगळा वर्ग टाळ्या वाजवतो आणि हिचा दोनाचा तोटा: तीन आली, पाच गेली. ती जिंकते असं एकही दान नाही. खेळ चालवणारा कधीच हरत नाही, हे अपूर्णांकाचा एकही आकडा न लिहिता सिद्ध झालं. मोठ्या वर्गात पुढचा हिशेबही करता येतो: २१६ दानांपैकी १२५ पूर्ण तोट्याची, ७५ मध्ये एकाचा फायदा, १५ मध्ये दोनाचा, एका दानात तीनाचा. म्हणजे १०८ मिळाले, १२५ गेले, २१६ बटणांमागे १७ गायब. जुगार वाईट, या उपदेशाला मुलं मान डोलावतात आणि विसरतात. हा तक्ता विसरणं कठीण आहे, कारण यात त्यांना स्वतःची फसगत झालेली दिसते.

हे सगळं वर्गात घडावं असं वाटत असेल तर प्रश्नपत्रिका बदलावी लागेल. जोवर परीक्षेत ‘सम संख्या मिळण्याची संभाव्यता काढा’ एवढंच येतं, तोवर कुठलाही शहाणा शिक्षक पाच तास फाशांवर घालवणार नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न असा यावा. तीन मुलांनी एक फासा साठ वेळा टाकल्याच्या नोंदी दिल्या आहेत, १ ते ६ या क्रमाने. अ: १०, १०, १०, १०, १०, १०. ब: ८, १३, ९, ११, ६, १३. क: ३, ४, ५, ४, २, ४२. तुम्हाला कोणाच्या नोंदीबद्दल शंका येते? का? क चा फासा सदोष असावा, हे बहुतेकांना सुचेल. अ ची नोंद बनवलेली असावी, हे फासा हातात घेतलेल्यालाच सुचेल. ‘इतकं नीट कधी येत नाही’ एवढं एकच वाक्य लिहिलेल्यालाही मी त्या भागाचे पूर्ण गुण देईन.

आणि एखादी चुणचुणीत मुलगी उत्तरपत्रिकेत उलटा प्रश्न विचारेल, त्याची तयारी तपासनिसाने ठेवावी. ब मधले नेमके तेच सहा आकडे येण्याची शक्यताही कमीच आहे, किंबहुना हिशेब केला तर अ पेक्षा सुमारे सात पटींनी कमी. मग संशय अ वर का? मुलीचं गणित बरोबर आहे. पण फासा न टाकता घरी बसून नोंद करायची ठरवली, तर कोणी ८, १३, ९, ११, ६, १३ असं लिहायला जात नाही. दहा-दहा मात्र कोणालाही सुचतं. हे आकडे फाशाने दिले असते तर ते किती सहज आले असते, आणि माणसाने रचले असते तर किती सहज, या दोन्हींची तुलना करायची असते. हे ती पुढे संख्याशास्त्रात शिकेल. तोवर तिला पूर्ण गुण द्यावेत, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिचाच प्रश्न फळ्यावर लिहावा.